पणाला लावलेली मिशी

सुरतेतल्या गोडादऱ्यात रिक्षावाल्यांना तोटा नाही. पण पुस्तकावरून भर रस्त्यात भांडणारे रिक्षावाले एकच, आणि मी रोज नेमकी त्यांच्याच रिक्षानं शाळेत जाते. त्यांचं नाव चिंधा. आम्ही त्यांना चिंधा आप्पा म्हणतो. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं असं नाव ठेवलं, की नजर लावणाऱ्यालाही ते उच्चारताना संकोच वाटावा. पोर जगलं, आणि चांगलं धडधाकट निघालं. आता पन्नाशी गाठलेल्या आप्पांची गल्लीभर ओळख आहे ती त्यांच्या मिशीवरून. रिक्षाच्या आरशात ते मागची गाडी बघतात की मिशी, हे मला अजून कळलेलं नाही.

मी नूतन. गरनाळ्यापलीकडच्या शाळेत मराठी शिकवते. रेल्वेखालच्या बोगद्याला सुरतेत गरनाळं म्हणतात आणि शिक्षिकेला बेन म्हणतात, त्यामुळे पोरींसाठी मी नूतनबेन. शाळेच्या वाचनालयाचं कपाट माझ्या ताब्यात असतं, आणि त्या कपाटात काय असावं याबद्दल मी खडूस आहे. कुणीतरी दान दिलेल्या गठ्ठ्यात ‘पंपघरातला दिवा’ नावाची किशोरांची रहस्यकथा आली. मुखपृष्ठावर हातात बॅटरी घेतलेली एक घाबरलेली मुलगी, मागे काळोख, आणि वर लाल अक्षरांत ‘श्वास रोखून धरा’. मला कुणी श्वास रोखायला सांगितलं की आधी राग येतो. मी ते पुस्तक सगळ्यात खालच्या फळीवर, जुन्या व्याकरणांच्या मागे ढकललं.

तिथून ते धनश्रीनं शोधून काढलं. धनश्री ही आप्पांची मुलगी, नववीत, जिभेनं तिखट. तिची मैत्रीण किरण परभणीकडची, बाप बांधकामावर मिस्त्री. या दोघी मागच्या सीटवर माझ्या दोन बाजूंना बसायच्या. पहिल्या दिवशी धनश्री मनातल्या मनात वाचत होती. तिनं मधेच ‘अय्यो’ केलं आणि आप्पांनी आरशातून त्यांच्या अहिराणीत विचारलं, “काय व्हयनं?”

“काही नाही पप्पा, पोरगी गायब झाली.”

“कोनी पोरगी?”

झालं. सांगत बसण्यापेक्षा वाचून दाखवलेलं बरं म्हणून धनश्रीनं मोठ्यानं सुरुवात केली. आप्पांनी तरुणपणी लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, बरीच वर्षं काढलीत. त्या खडखडाटानं त्यांचा डावा कान गेलेला. त्यामुळे ते दर वाक्याला म्हणायचे, “पोरी, जोरमा वाच.” ती जोरात वाचायची आणि आमची खासगी रहस्यकथा सगळ्या रस्त्याला ऐकू जायची. मी कपाळाला आठ्या घालून रिक्षाबाहेर बघत होते. चौथ्या प्रकरणात पंपघराचं कुलूप आतून लागलेलं निघालं, तेव्हा शाळा आली म्हणून धनश्रीनं पुस्तक मिटलं. मी म्हटलं, “अगं, पान तरी संपव.” किरण माझ्याकडे बघून हसली. मी त्या दिवशी वर्गात तिला उगाचच एक कविता पाठ म्हणायला लावली.

गोष्ट अशी होती. महाराष्ट्र आणि गुजरातच्या सीमेवरचं एक लहान गाव. तिथली रेवा नावाची दहावीतली मुलगी एका संध्याकाळी नाहीशी होते. जाण्याआधी ती मैत्रिणीच्या, म्हणजे इराच्या फोनवर एक निरोप बोलून ठेवते. निरोप अर्धवट असतो, मागे मोटारीचा आवाज असतो, आणि त्यात एकच वाक्य धड ऐकू येतं: “बाला सगळं माहीत आहे.” पोलीस काही करत नाहीत, आणि मग इरा स्वतः शोध घेते. संशय तिघांवर. एक, रेवाचे वडील, कडक माणूस, घरात कुणाशी बोलत नाहीत. दोन, क्लासचे सर, ज्यांच्याकडून परीक्षेचे पेपर फुटतात अशी कुजबुज असते. तीन, शेजारी राहणारी गिरणीवाली म्हातारी, जिला इरा काकी म्हणते आणि जी रोज पहाटे डबा घेऊन कुठंतरी जाते.

पण सगळी ग्यानबाची मेख त्या एका अक्षरात. बा.

“बा म्हंजे बाप,” आप्पा म्हणाले. “आजून काय इचारानं?”

“पप्पा, काहीपण. बा म्हणजे डोशी,” धनश्री म्हणाली. “आपल्या सोसायटीतल्या हंसाबा काय कुणाचा बाप आहेत?”

मी मध्ये बसून हसू दाबत होते. आप्पा एकोणिसाव्या वर्षी खानदेशातल्या पारोळ्याकडच्या खेड्यातून सुरतेत आले. बोली अजून तिकडचीच, माझा म्हणजे ‘मना’, सगळं म्हणजे ‘बठ्ठं’, बघ म्हणजे ‘दख’. त्यांच्यासाठी बा हा शब्द जन्मापासून बापाचा. धनश्री इथंच जन्मली. तिच्या कानाला बा म्हणजे पांढरा साडला नेसलेली, ओट्यावर बसून शेंगा सोलणारी गुजराती म्हातारी. शब्द एक, घर एक, आणि बाप-लेकीला त्यातून दोन वेगळी माणसं दिसत होती. पुण्यातल्या वाचकाला हा प्रश्नच पडला नसता. तो मुकाट बाप समजून पुढे गेला असता, आणि आम्ही गरनाळ्यात अडकलो असताना त्यावर घसे कोरडे करत होतो.

किरणचं मत रोज बदलायचं. सोमवारी ती म्हणाली, “आमच्या गावाकडं बा म्हंजे बापच.” मंगळवारी म्हणाली, “पण बेन, ती रेवा शेजारी म्हातारीकडंच जेवायची की.” बुधवारी तिनं क्लासच्या सरांवर बोट ठेवलं, कारण त्यांचं नाव बाळकृष्ण होतं आणि निरोप अर्धवट होता. या शोधावर ती स्वतःच इतकी खूश झाली की टाळी द्यायला तिनं हात पुढे केला आणि माझा चष्मा पाडला.

गरनाळ्यात सकाळी गाड्या तुंबतात. कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेले टेम्पो पुढे, रिक्षा मागे, दुचाक्या फटीफटीतून. तिथं इंजिन बंद करून आप्पा मागे वळून बसायचे. बोगद्यात आवाज घुमतो. धनश्रीचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट व्हायचा. एकदा तिनं वाचलं, “इरानं दाराच्या फटीतून पाहिलं. आत कुणीतरी श्वास घेत होतं,” आणि शेजारच्या टेम्पोतून आवाज आला, “आगे?”

टेम्पोवाल्याचं नाव योगराज. तो दोन दिवस कान लावून बसला होता म्हणे. तिसऱ्या दिवशी तो आमच्यासाठी थांबलेला दिसला. त्याचं मत ठाम होतं. पुस्तकात पहिल्या पानापासून जो वाईट दिसतो तो कधीच गुन्हेगार नसतो, म्हणून बाप सुटला. मागच्या रिक्षातली एक बाई म्हणाली, “डबा घेऊन जाणारी बाई कधी वाईट असते का?” तिच्या शेजारचा माणूस म्हणाला की डब्यात काय आहे ते लेखिकेनं मुद्दाम सांगितलेलं नाही. गाड्या सुटल्या, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि आमच्या बाजूचे दोघे-तिघे तसेच उभे. वाचकांची मतं म्हणून मासिकांत जे छापून येतं ते मी आयुष्यभर वाचत आले. त्यातली बरीचशी पुस्तक न वाचता लिहिलेली असतात. इथं एकानंही पुस्तक हातात धरलं नव्हतं, पण प्रत्येक जण त्यात गळ्यापर्यंत बुडाला होता. मला हे फार आवडलं, आणि खालच्या फळीची थोडी लाजही वाटली.

मी आप्पांना विचारलं, “तुम्ही स्वतः बाप असून त्या बापावरच का उठलात?”

 ते म्हणाले, “ताई, मना बा बी आसाच. बठ्ठं जानस, बोलस नही. मी गाव सोडं तवय बी बोलना नही. फोनवर पानी पडनं का, ढोरं बरी शेत का, बस. आसा मानूस घरमा ऱ्हायना, का पोरं तेले भितस.”

“माझे पप्पा तसे नाहीत,” धनश्री पटकन म्हणाली. “माझे पप्पा बोलतात. बोलतात आणि करत नाहीत. डुमसला समुद्रावर नेतो म्हणून दोन वर्षं बोलतायत.”

किरण फिस्सकन हसली. आप्पांना ते लागलं. मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, “बरं. त्या बानी नही करं आसं निंघनं, ते ही मिशी काढी टाकसू.”

मिशी उतरवीन, असं आपल्याकडे उठसूट म्हणतात. कुणी मनावर घेत नाही. पण हे बोलणं गरनाळ्यात झालं, आणि शेजारी योगराजचा टेम्पो होता. गॅसपंपावरच्या रांगेत दुपारपर्यंत बातमी पोहोचली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या लिंबायतच्या रिक्षास्टँडवर पार दोन तट पडले, बापवाले आणि म्हातारीवाले. येताजाता कुणीही आप्पांना विचारायचं, “मिशी सलामत ना?” आप्पा ऐटीत म्हणायचे, “पुढला आठवडा दखजात.” धनश्रीच्या वर्गातल्या मुलींनी मला घेरलं, “बेन, शेवट तुम्ही वाचलाय का, खरं सांगा.” मी वाचला नव्हता. कपाटाची किल्ली माझ्याकडे असून मला रोज त्या दोन पोरींच्या मेहेरबानीवर गोष्ट मिळत होती, आणि रात्री जेवताना माझ्या डोक्यात तो डबा फिरत होता.

घोळ लक्षात आला तो आप्पांच्या बायकोच्या. पार्वतीवहिनी घरी साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करतात. मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. धनश्रीनं मोठ्या रंगात पैजेची गोष्ट सांगितली. वहिनींचा हात साडीवरच थांबला.

“मना सासरा जित्ता शे,” त्या म्हणाल्या. “बाप जित्ता आसतांना मिशी कोन काढस?”

धनश्रीचा चेहरा उतरला. हे तिला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे बाप गेला की मुलगा मिशी काढतो, त्याआधी नाही. मिशीवाला माणूस अचानक तुळतुळीत ओठानं दिसला, तर कुणी विचारत बसत नाही, सरळ जवळ येऊन खांद्यावर हात ठेवतात. आप्पांनी मिशी काढली असती तर संध्याकाळपर्यंत गोडादऱ्यातला निम्मा पारोळा तालुका दारात येऊन बसला असता. आणि तिकडे गावात आप्पांचे वडील, पंच्याऐंशीचे दगा आजोबा, आपले खाटेवर बसून बिडी ओढत असते. गंमत सोडा, वहिनींना खरी भीती वाटली होती. अशुभ बोलायचं नाही आणि करायचं तर नाहीच, या धाकात त्यांचा संसार गेलेला.

“मी हारत नही ना,” आप्पा म्हणाले. “मंग कसाले भ्यातीस?”

शेवटची दोन प्रकरणं शनिवारी वाचायची ठरली, कारण शनिवारी सकाळची शाळा लवकर सुटते. रिक्षा उभी केली स्टँडसमोर, योगेश न्हाव्याच्या सलूनच्या सावलीत. योगराज टेम्पो लावून आला होता. स्टँडवरचे पाचसहा जण, समोरचा लोचोवाला, हातात गिऱ्हाईकाची वाफवलेल्या बेसनाची प्लेट तशीच धरून. धनश्री मागच्या सीटवर उभी राहून वाचत होती, मान छताला टेकलेली. कुणी शिंकलं तरी लोक त्याच्याकडे रागानं बघत होते.

क्लासच्या सरांनीच पेपर विकले होते, आणि रेवानं ते पाहिलं होतं. सर तिच्या मागावर होते. इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग इरा पहाटे डब्याच्या मागे मागे जाते, पंपघराचं दार आतून उघडतं, आणि आत रेवा, जिवंत, कंदिलाशेजारी बसून अभ्यास करत असते. लपवलं कुणी? गिरणीवाल्या म्हातारीनं. लहानपणापासून तिच्या ताटात जेवलेली रेवा तिला एकटीच एका नावानं हाक मारायची. धनश्रीचा आवाज इथं फाटला. “रेवा म्हणाली, मी सांगितलं होतं ना तुला, बाला सगळं माहीत आहे. बाला विचारलं असतंस तर पहिल्याच दिवशी भेटले असते.”

स्टँडवर असा गलका झाला की लोचोवाल्याची प्लेट हातातून गेली. म्हातारीवाले एकमेकांना मिठ्या मारत होते. योगराज बोनेटवर थापा मारत ओरडत होता, “मैंने बोला था, बाप नहीं है.” किरण म्हणाली की ती सुरुवातीपासून हेच म्हणत होती.  सगळे इतके दिवस गुन्हेगार शोधत होते आणि त्या निरोपात गुन्हेगाराचं नावच नव्हतं. कुणाकडे जायचं ते सांगितलेलं होतं.

आप्पा हसत होते, पण ओठांच्या एकाच बाजूनं. ते रिक्षातून उतरले आणि सलूनच्या पायरीकडे निघाले.

“पप्पा, नको,” धनश्री म्हणाली. तिनं उडी मारली आणि त्यांचा हात धरला. “मी जिंकले ना? मग मी सोडते. मला नकोय.”

 ज्यांनी आठवडाभर चिडवलं होतं तेच आता म्हणू लागले, आप्पा, राहू द्या, गंमत होती. योगेशनं तर वस्तरा ड्रॉवरमध्ये टाकला आणि म्हणाला, हे पाप मी करणार नाही. त्याचा बापही जिवंत होता.

आप्पा लेकीला म्हणाले, “तू बठ्ठासमोर सांगं, पप्पा बोलस आनि करस नही.” ते तिच्यावर रागावले नव्हते. ते खरंच अडकले होते. एकीकडे लेकीला दिलेला शब्द आणि दुसरीकडे बापाचं आयुष्य, आणि मध्ये बोटभर केस. मला हसावं की रडावं कळेना. मीच म्हटलं, “आप्पा, आजोबांनाच विचारा ना.”

त्यांनी गावी पुतण्याला फोन लावला. पुतण्यानं व्हिडिओ सुरू करून फोन आजोबांसमोर धरला. आधी नुसतं कपाळ दिसलं, मग एक डोळा, मग सुरकुत्यांनी भरलेला सगळा चेहरा.

“बा,” आप्पा म्हणाले.

धनश्रीनं वडिलांकडे बघितलं. हा शब्द त्यांच्या तोंडून तिनं गेले कित्येक दिवस भांडणात ऐकला होता. पण कुणाला हाक मारताना तो कसा लागतो, हे आज पहिल्यांदा तिच्या कानावर पडत होतं.

आप्पांनी सगळं सांगितलं. मुलगी गायब झाली इथपासून. आजोबांनी मधे एकदाही तोडलं नाही. आप्पा मिशीपाशी आले तसे अडखळले, आणि तेवढ्यात आजोबांनी विचारलं, “ती पोर सापडनी का?”

“सापडनी, बा.”

“बरी शे ना?”

“बरी शे. आभ्यास करी ऱ्हायंती.”

“मंग तू हारना त्यानं काय वाईट व्हयनं?” आजोबा म्हणाले. “काढ मिशी.”

“बा, तुम्ही जित्ता शेतस.”

आजोबांनी फोन पुतण्याच्या हातातून घेतला असावा, कारण चेहरा एकदम जवळ आला. “मी मरसू तवय तू काढशीच ना? तवय माले कोन दखाडी? आते काढ. फोन चालू ठेव. मना पोऱ्याना चेहरा माले दखू दे.”

आप्पा खुर्चीत जाऊन बसले. योगेशनं न बोलता ड्रॉवर उघडला. धनश्रीनं दोन्ही हातांनी फोन धरला, आरशाच्या बाजूला, आजोबांना नीट दिसेल असा. साबण लागला, वस्तरा चालला, आणि बाहेर उभ्या असलेल्या रिक्षावाल्यांतला एक जण डोळे पुसत होता. मीही पुसत होते.

योगेशनं टॉवेलनं ओठ टिपला. आप्पा फोनकडे वळले. त्यांचा चेहरा विचित्र लहान दिसत होता. आजोबा पडद्यातून बराच वेळ बघत राहिले.

“आसाच व्हता तू,” ते म्हणाले, “सुरतले गया तवय. मी एस्टीना मांगे उभा व्हतू. तू मांगे दखं नही.”